कासदाहाचा इतिहास : जंतूच्या शोधापासून कासेच्या संदेशापर्यंत

दुभत्या गाईची कास सुजून कठीण होते, दूध नासते. गोठ्यात या रोगाला ‘दगडी’ म्हणतात, शास्त्रात कासदाह. १८८७ मध्ये नोकार आणि मोलेरो या फ्रेंच पशुवैद्यकांनी सांसर्गिक कासदाहामागे साखळीने वाढणारे जीवाणू असल्याचे दाखवले. त्यानंतर दीर्घकाळ या रोगाचा अभ्यास म्हणजे प्रामुख्याने जंतूंचा अभ्यास राहिला.

१९५७ मध्ये शाल्म आणि नूरलँडर यांनी कॅलिफोर्निया मस्टायटीस चाचणी मांडली. दुधात द्रावण मिसळताच त्यातील पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांच्या डीएनएमुळे दूध चिकट होते. वरवर निरोगी कासेतील छुपा दाह अशा रीतीने गोठ्यातच ओळखता येऊ लागला. ही चाचणी जंतू नव्हे, तर गाईच्या शरीराचा प्रतिकार दाखवते.

या पेशींना कासेत कोण बोलावते? १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने उंदरांमध्ये टीएलआर-४ हा ग्राहक जीवाणूंच्या आवरणातील विष ओळखतो, हे सिद्ध केले. २०११ च्या नोबेल पुरस्कारात या शोधाचा गौरव झाला. गाईच्या कासेतही असे ग्राहक आहेत. ई. कोलाय शिरताच इंटरल्युकिन-८ सारखे संदेशरेणू स्रवतात आणि रक्तातील न्यूट्रोफिल पेशी कासेकडे धावतात. स्टॅफिलोकोकस ऑरियसच्या बाबतीत मात्र ही हाक क्षीण असते. म्हणून तो महिनोन्महिने दडून राहतो.

हा प्रतिकार वेतभर सारखा नसतो. व्याण्याच्या सुमारास न्यूट्रोफिल मंदावतात. त्यामुळे ताज्या व्यायलेल्या गाईंत कासदाह अधिक तीव्र होतो. गाय आटवताना धार थांबते, जंतू धुऊन निघत नाहीत. पुढे भाकड काळात सडाच्या तोंडाशी केराटिनचे बूच बसते, लॅक्टोफेरिन वाढून लोह बांधून ठेवते आणि कास पुन्हा सुरक्षित होते.

आटवताना सर्वच गाईंच्या सडांत प्रतिजैविक सोडण्याची पद्धत १९६० च्या दशकात ब्रिटनमधील संशोधनातून रूढ झाली. तिने रोग घटला. पण निरोगी गाईंनाही औषध मिळू लागले. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंच्या भीतीने युरोपीय संघाने २०२२ पासून अशा सरसकट वापरावर निर्बंध आणले.

१९९८ पासून भारत दूध उत्पादनात जगात अग्रेसर आहे आणि त्यातील मोठा वाटा एक-दोन जनावरे पाळणाऱ्या कुटुंबांचा आहे. अशा घरात एक सड निकामी झाला, तरी रोजच्या उत्पन्नाला खिंडार पडते. म्हणून ‘जंतू कोणता?’ या प्रश्नाइतकाच ‘गाय वेताच्या कोणत्या टप्प्यावर आहे?’ हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो. औषध कोणत्या गाईला आणि केव्हा द्यायचे, याचा विवेक त्याच उत्तरातून येतो.