पंढरपूरचा मकबूल

एम. एफ. हुसेन म्हटले की दोनच गोष्टी आठवतात : अनवाणी पाय आणि कोर्टातले खटले. चित्रांपर्यंत फारसे कोणी जात नाही. उर्दू शाळेत मुलांची अक्षरे घोटून घेणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाला मात्र आधी त्यांची रेषा पाहावीशी वाटते.

मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १७ सप्टेंबर १९१५ चा, पंढरपूरचा. घराणे सुलेमानी बोहरा. ते दीड वर्षाचे असताना आई झैनब वारल्या. आईचा एकही फोटो घरात नव्हता. मदर तेरेसांच्या चित्रांत निळ्या काठाची पांढरी साडी आहे, पण चेहऱ्याच्या जागी नुसता अंधार. त्याचे मूळ या पोरकेपणात शोधतात. मलाही ते पटते. वडिलांनी बिऱ्हाड इंदूरला नेले. पुढे बडोद्याच्या मदरशात मुलगा खुशनवीसी शिकला, कूफी खत गिरवू लागला. नस्तालीक वाहते, कूफी कोनात उभी राहते. हुसेन यांच्या घोड्यांच्या माना आणि बायकांचे खांदे पाहिले की तो जुना कलम हातातून सुटलेला नाही हे कळते.

१९३० च्या दशकात ते मुंबईत आले आणि सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवू लागले. मजुरी चौरस फुटाच्या हिशेबाने. मग फर्निचरच्या दुकानात लाकडी खेळण्यांचे नमुने काढण्याची नोकरी. १९४७ मध्ये सूझांनी त्यांना प्रोग्रेसिव्ह ग्रुपमध्ये ओढले. रझा, आरा, गाडे आणि शिल्पकार बाकरे हे बाकीचे साथीदार. इंग्रजी धाटणीची हुबेहूब चित्रे त्यांना नको होती आणि बंगाली हळवेपणाही नको होता. १९४८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात हुसेन यांनी मथुरेची शिल्पे आणि बसोहलीची लघुचित्रे पाहिली. त्यांना त्यांची वाट तिथेच सापडली.

'जमीन' या चित्राला १९५५ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९५४ चे 'ग्रामयात्रा' अनेक दशके ओस्लोच्या एका इस्पितळात टांगलेले होते; मार्च २०२५ मध्ये ते सुमारे १ कोटी ३७ लाख डॉलरला विकले गेले. लोहियांच्या सांगण्यावरून त्यांनी रामायणावर दीडशेच्या आसपास चित्रे काढली, ती खेड्यांत नेऊन दाखवली. चपला सोडल्या त्या १९६४ साली मुक्तिबोध गेल्यावर, असे ते सांगत. (हिंदीचा हा मोठा कवी घरात मराठी बोलणारा, हे आपण विसरतो.)

सत्तरच्या दशकातले सरस्वतीचे रेखाचित्र १९९६ मध्ये एका मासिकाने उकरून काढले. १९९८ मध्ये मुंबईतल्या घरावर हल्ला झाला. हे आपल्याकडे सर्वांना तोंडपाठ आहे. पण २००४ मध्ये 'मीनाक्षी'तल्या 'नूरुन अला नूर' या गाण्यावर आपल्याच उलेमांनी हरकत घेतली आणि चित्रपट उतरवावा लागला, हे सांगताना आपला आवाज का खाली येतो? दोन्हीकडच्या तक्रारी एकाच मापाच्या होत्या असे मी म्हणत नाही. एकीकडे देशभर खटले होते, जिवाची भीती होती. दुसरीकडे एका गाण्यापुरता वाद. तरी ज्या घरांत तसवीर शब्दाचीच धास्ती आहे, तिथे हुसेन हे नाव अभिमानाने कधी घेतले गेले नाही. आजही काही पालक चित्रकलेच्या वहीत फुले-पानेच काढायला सांगतात.

२००६ मध्ये त्यांनी देश सोडला. मे २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरचे अश्लीलतेचे खटले रद्द केले, आणि निकालात कलावंताच्या बाजूने स्पष्ट लिहिले. तरी ते परतले नाहीत. २०१० मध्ये कतारचे नागरिकत्व घेतले. ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये ते वारले. दफन तिथेच, ब्रुकवुडच्या कबरस्तानात झाले.