कळ दाबली, कळले का?

मेकॅनिकल कीबोर्ड घ्यायचा आहे, त्यावर गेमही खेळायचे आहेत आणि भरपूर लिहायचेही आहे, तर कोणता घ्यावा? तरुण मंडळींकडून हा प्रश्न हल्ली वरचेवर ऐकू येतो. उत्तरे मिळतात ती बहुधा रंगीत दिव्यांची आणि किमतींची. मला मात्र वाटते की या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधावे. दीडशे वर्षे माणूस कळीकडे एकच गोष्ट मागत आला आहे: मी तुला दाबले, ते तुला कळले की नाही एवढे सांग.

१८७४ साली अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीने शोल्स आणि ग्लिडन यांचे टंकयंत्र बाजारात आणले. त्यात अक्षरांचे खिळे कागदावर खालच्या बाजूने आपटत. त्यामुळे आपण आत्ता काय उमटवले हे टंकलेखकाला दिसतच नसे. बघायचे तर कागदाचा रूळ उचलावा लागे. तरीही माणसे त्यावर भराभर लिहायला शिकली, कारण डोळ्यांना न मिळणारे उत्तर बोटाला बसणारा धक्का आणि कानावर पडणारा ठोका देत होते. १८८८ मध्ये सिनसिनाटी येथे टंकलेखनाची एक गाजलेली स्पर्धा झाली. तीत फ्रँक मॅकगरिन याने कळफलकाकडे न बघता, दहाही बोटांनी टंकून लुई ट्राउबला हरवले. न बघता लिहिणे शक्य असते, पण त्यासाठी कळीने बोलावे लागते.

आपल्याकडे गोदरेजने १९५५ साली टंकयंत्रे बनवायला सुरुवात केली. ते उत्पादन २००९ साली थांबले. गावोगावच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये कितीतरी जणांची बोटे अशा यंत्रांवर घडली. त्यातले काहीजण आज संगणकाच्या कळाही बडवतात. तो राग नव्हे, सवय आहे. जुन्या यंत्रावर बोट हलके पडले तर अक्षर पुसट उमटायचे.

संगणकाला ठोक्याची गरजच नव्हती. विजेचा संकेत हलक्या स्पर्शानेही जातो. तरीही आयबीएमने तो ठोका मुद्दाम जपला. त्यांच्या रिचर्ड हॅरिस या अभियंत्याने १९७०च्या दशकात एक साधी युक्ती काढली. कळीखाली एक बारीक स्प्रिंग असते. दाबत गेल्यावर ती एका क्षणी एकदम बाजूला वाकते आणि खालची छोटी हातोडी कलते. 'टक्' आवाज येतो, बोटाखालचा विरोध सुटतो आणि अक्षरही त्याच क्षणी नोंदले जाते. १९८१ च्या आयबीएम पीसीबरोबर असा कळफलक आला. पुढे १९८५ चे 'मॉडेल एम' तर इतके टिकाऊ निघाले की दोन किलोहून जड असलेले ते धूड आजही काहीजण वापरतात.

नंतर संगणक स्वस्त झाले, आणि कळफलकही. सगळ्या कळांखाली रबराच्या घुमट्यांची एक चादर अंथरली की काम भागू लागले. अशी कळ बहुधा तळापर्यंत दाबावी लागते, आणि ती नेमकी कधी नोंदली गेली हे बोटाला नीट समजत नाही. आज मेकॅनिकल म्हणून मिरवणारा कळफलक म्हणजे याच्या आधीच्या वाटेवर परत जाणे आहे. प्रत्येक कळीखाली तिचा स्वतःचा स्विच आणि स्वतःची स्प्रिंग असते.

चेरी कंपनीचे एमएक्स स्विच १९८० च्या दशकातले. ते रंगांवरून ओळखले जातात. निळा टकटक वाजतो. तपकिरी वाजत नाही, पण मध्ये बोटाला एक हलका उंचवटा लागतो. काळा आणि लाल सरळ खाली जातात. काळ्याला सुमारे ६० ग्रॅम जोर लागतो, लालला ४५. कळ एकूण ४ मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर साधारण २ मिलिमीटरवरच नोंदले जाते. म्हणजे उंचवटा ओळखणाऱ्या बोटाला तळ गाठायची गरज नाही. दिवसभर लिहिणाऱ्याचा तेवढा शीण वाचतो.

खेळणाऱ्याचे गणित वेगळे. त्याला उत्तर पडद्यावरून मिळते, त्यामुळे उंचवटा त्याला अडथळाच वाटतो. त्याला कळ सरळ खाली जायला हवी आणि लगेच मोकळी व्हायला हवी. म्हणून आता गेमिंगसाठी चुंबकी स्विच आले आहेत. कळ किंचित वर उचलली की ती सुटली असे ते धरतात. यामागचे तत्त्व एडविन हॉल याने १८७९ साली शोधले होते!

पण इथेच एक गोष्ट विचार करण्यासारखी घडली. २०२४ मध्ये काही कळफलकांत अशी सोय आली, की डावी-उजवीकडच्या दोन कळा एकदम दाबल्या गेल्या तर आधीची कळ कळफलकच सोडून देतो. काउंटर-स्ट्राइकसारख्या खेळात नेमक्या याच वेळेवर खेळाडू वर्षानुवर्षे हात बसवतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वाल्व कंपनीने आपल्या सर्व्हरवर ही सोय वापरायला बंदी घातली. मला ते पटले. कळीने बोटाला उत्तर द्यावे. बोटाच्या वतीने खेळू नये.

तेव्हा कळफलक पारखायचा तर दुकानात एक पानभर मजकूर पडद्याकडे बघत, कळांकडे न बघता लिहावा आणि चुका मोजाव्यात. मग चालणे, पळणे, उडी यांच्या कळा एकदम दाबून सगळ्या नोंदल्या जातात का ते पाहावे. लिहिणे जास्त असेल तर उंचवट्याचा स्विच, खेळणे जास्त असेल तर सरळ जाणारा. दोन्ही सारखेच असेल तर तपकिरी, आणि घरात रात्री कोणी झोपत असेल तर निळा नको. दिव्यांचा विचार सगळ्यात शेवटी करावा.