कुंपणापलीकडचे पाणी

अमेरिकेतील सेंट लुईस शहराच्या फेअरग्राउंड पार्कमध्ये १९१३ साली बांधलेला एक प्रचंड सार्वजनिक जलतरण तलाव होता. हजारो माणसे एकाच वेळी त्यात डुंबत असत. ती सारी गोरी. २१ जून १९४९ रोजी नगरप्रशासनाने कृष्णवर्णीय मुलांना त्यात प्रथमच प्रवेश दिला. तीसएक मुले पाण्यात उतरली. ती बाहेर पडू लागली तेव्हा कुंपणापाशी गोऱ्यांचा घोळका शिव्याशाप देत उभा होता. मुलांना पोलिसांच्या संरक्षणात बाहेर काढावे लागले. सायंकाळपर्यंत जमाव हजारोंवर गेला, दंगल उसळली, माणसे रुग्णालयात पोहोचली आणि महापौरांनी आदेश मागे घेतला.

महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी काय घडले हे ज्या वाचकाच्या स्मरणात आहे, त्याला या प्रसंगाचे नवल वाटू नये. महाडला प्रश्न पिण्याच्या पाण्याचा होता, सेंट लुईसला पोहण्याच्या. म्हणून दुसरा प्रश्न गौण, असे मात्र मला वाटत नाही. ज्याला पोहता येत नाही त्याचा पाण्याशी केव्हातरी गाठ पडताच घात होतो.

वास्तविक हे तलाव मोठ्या उदार भावनेने बांधले गेले होते. आर्थिक मंदीच्या काळात सरकारी खर्चाने देशभर शेकडो तलाव उभे राहिले. एकट्या न्यूयॉर्क शहरात १९३६ च्या उन्हाळ्यात अकरा भव्य तलाव खुले झाले. गंमत अशी, की पूर्वी स्त्रिया आणि पुरुष वेगवेगळ्या दिवशी पोहत, तेव्हा उत्तरेकडील शहरांत वर्णभेदाचा एवढा बाऊ होत नसे. स्त्री-पुरुष एकत्र पोहू लागले आणि मग मात्र गोऱ्या समाजाला काळ्या शरीराचे भय वाटू लागले. मनुष्याच्या सोवळ्याओवळ्याचा उगम कोठे असतो, याचा हा बोलका नमुना म्हणावा लागेल.

१९५० साली न्यायालयाच्या आदेशाने फेअरग्राउंडचा तलाव सर्वांना खुला झाला. १९४८ च्या उन्हाळ्यात तेथे ३,१३,००० वेळा लोक पोहून गेले होते. १९५० मध्ये हा आकडा १०,००० वर आला. गोऱ्यांनी पाठ फिरवली आणि १९५६ मध्ये तलावच बंद झाला. मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहराने तर सर्वांना प्रवेश देण्यापेक्षा नगरपालिकेचे तलाव मिटवून टाकणेच पसंत केले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ जून १९७१ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय लागला : तलाव सर्वांनाच बंद असल्याने समतेचा भंग झालेला नाही! कायद्याच्या दृष्टीने तो युक्तिवाद असेलही. परंतु गोऱ्यांसाठी उपनगरांतून खासगी क्लबांचे तलाव होते, उन्हाळी स्पर्धा होत्या, मुलांचे संघ होते. कृष्णवर्णीय मुलांना यांपैकी काय होते?

पोहणे ही घरातून घरात जाणारी विद्या आहे. बापाला येत नसेल तर तो मुलाला पाण्यापासून दूरच ठेवतो, आणि तो मुलगा पुढे आपल्या मुलाला. १९९९ ते २०१० या काळातील अमेरिकन सरकारी आकडेवारी सांगते, की ५ ते १९ वयोगटात जलतरण तलावांत बुडून मरण्याचे प्रमाण कृष्णवर्णीयांत गोऱ्यांच्या साडेपाच पट होते. कुंपणे पडून तोवर एक पिढी उलटली होती.

ज्या वर्षी न्यायालयाने जॅक्सनच्या बंद तलावांवर शिक्कामोर्तब केले, त्याच १९७१ साली फिलाडेल्फियात जिम एलिस या गणिताच्या कृष्णवर्णीय शिक्षकाने वस्तीतील मुलांचा पोहण्याचा संघ सुरू केला. तो स्वतः महाविद्यालयात पोहलेला होता. संघाला वेगळे नाव नव्हते; नगराच्या क्रीडा विभागाची आद्याक्षरे, पी. डी. आर., तेच नाव. पुढे त्याच अक्षरांना स्वाभिमान, निर्धार आणि चिकाटी असा अर्थ दिला गेला. नाइसटाउन या कष्टकऱ्यांच्या वस्तीतील मार्कस फॉस्टर केंद्राचा तलाव हे दीर्घकाळ त्यांचे घर होते.

संघाने काय साधले? तरुणांच्या मंडळांत ज्याने काही वर्षे घालवली आहेत तो जाणतो, की मुलाला एकदा बोलावणे सोपे. दुसऱ्या दिवशी परत आणणे कठीण. नुसता तलाव हे करू शकत नाही. ठरलेली वेळ, वाट पाहणारा प्रशिक्षक, शेजारच्या पट्ट्यात पोहणारा सोबती आणि घड्याळात कमी झालेला अर्धा सेकंद, यांनी मूल परत येते. १९९२ पासून एलिसचे जलतरणपटू ऑलिंपिकच्या राष्ट्रीय निवडचाचणीपर्यंत पोहोचू लागले. २००७ साली त्याच्यावर 'प्राइड' हा चित्रपट निघाला; चित्रपटवाल्यांनी त्यात पदरचे पुष्कळ घातले, हे सोडून देऊ.

एलिसच्या संघाशी संबंध नसलेल्या, टेक्सासमध्ये वाढलेल्या सिमोन मॅन्युएलने ११ ऑगस्ट २०१६ रोजी रिओ येथे शंभर मीटर मुक्तशैलीत सुवर्णपदक मिळविले. वैयक्तिक जलतरणात ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारी ती पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री. ५२.७० सेकंद ही तिची वेळ. कॅनडाच्या सोळा वर्षांच्या गौरवर्णी पेनी ओलेक्सियाकचीही नेमकी तेवढीच. दोघींना सुवर्ण देण्यात आले, आणि दोघी एकाच पायरीवर उभ्या राहिल्या.