डिजिटल सातबारा म्हणजे काय? त्यावर काय तपासावे?

सातबारा म्हणजे गाव नमुना 7 (अधिकार अभिलेख) आणि गाव नमुना 12 (पिकांची नोंदवही) यांचा एकत्रित उतारा. पूर्वी त्यावर सही-शिक्का घेण्यासाठी तलाठी कार्यालयात खेटे घालावे लागत. आता महाभूमी संकेतस्थळावर 15 रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळतो आणि तो शासकीय कामांसाठी ग्राह्य असतो. विनास्वाक्षरीचा उतारा मोफत दिसतो, पण तो केवळ माहितीसाठी असतो.

मात्र संगणक फक्त नोंद दाखवतो; ती बरोबर आहे का, हे तो ठरवत नाही. खरेदीखताची नोंदणी झाली की त्याची माहिती दुय्यम निबंधक कार्यालयातून फेरफारासाठी ऑनलाइन पुढे जाते. खातेदाराच्या मृत्यूनंतर मात्र वारसांनाच कळवावे लागते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 149 नुसार त्यासाठी 3 महिन्यांची मुदत आहे. त्यानंतर तलाठी नोंद धरून नोटीस काढतो, हरकतींसाठी 15 दिवस दिले जातात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो.

लेखनप्रमाद आढळल्यास कलम 155 खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. म्हणून उतारा हाती आल्यावर नाव, क्षेत्र आणि ‘इतर अधिकार’ हे रकाने आधी वाचावेत.