मचाणापासून लपणापर्यंत

काशीच्या पैलतीरावर राजा बलवंतसिंहांनी अठराव्या शतकात चुनारच्या दगडात बांधलेला रामनगरचा किल्ला हे काशीनरेशांचे राजधानीचे ठिकाण, तर दक्षिणेकडील चकिया-नौगढचे विंध्याच्या डोंगरांतील रान ही त्यांच्या शिकारीची राखीव जागा होती. अशा रानात जनावराची वाट पाहण्यासाठी झाडाच्या बेचक्यात फळ्या बांधून केलेली बैठक, म्हणजे मचाण, हे भारतातील लपून पाहण्याच्या कलेचे जुने रूप होय. पक्ष्यांचे छायाचित्र घेण्यासाठी उभारला जाणारा आडोसा, ज्याला मराठीत 'लपण' म्हणतात, त्याने पाणवठ्याची पारख आणि निश्चल बसण्याचा सराव या शिकारी विद्येतूनच घेतला. वाऱ्याची दिशा मात्र मचाणापुरती महत्त्वाची राहिली, कारण पक्षी वासापेक्षा नजरेवर आणि कानांवर विसंबतो.

इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कीर्टन या बंधूंनी 1892 मध्ये अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र घेतले आणि पुढे लाकडी सांगाड्यावर बैलाचे कातडे चढवून त्याच्या पोकळीत कॅमेऱ्यासह बसण्याची युक्ती काढली. भारतातील अनुभवांवरचे ई. एच. एन. लोथर यांचे 'अ बर्ड फोटोग्राफर इन इंडिया' 1949 मध्ये प्रसिद्ध झाले. काशीनरेशांचे बनारस संस्थान भारतात विलीन झाले तेही याच वर्षी, आणि 1957 मध्ये चकिया-नौगढच्या रानात चंद्रप्रभा अभयारण्य स्थापन झाले.

शिकाऱ्याला जनावर एकदाच चकवायचे असते, परंतु लपणात बसणाऱ्याला पक्ष्याचा विश्वास अनेक दिवस राखावा लागतो, आणि येथेच या रचनेचा खरा कस लागतो. लपण प्रथम दूर उभे करून पक्षी सरावेल तसतसे दिवसागणिक घरट्याकडे सरकवतात. कापड वाऱ्याने फडफडू नये म्हणून ताणून बांधतात. भिंगाच्या जागी आधी रिकाम्या बाटलीचा तळ बसवतात, म्हणजे त्या चकाकत्या डोळ्याची पक्ष्याला सवय होते. दोघांनी आत जावे आणि एकाने परतावे, ही रीतही जुनी आहे, कारण माणूस निघून गेलेला दिसला की पक्षी बहुधा निर्धास्तपणे घरट्यावर येतो. घरट्यापुढची फांदी आड आली तरी ती तोडणे निषिद्ध मानावे, कारण सावली गेली की पिल्ले उन्हाने होरपळतात आणि कावळ्यांना घरटे उघडे पडते. फांदी दोरीने हलकेच मागे ओढून बांधावी आणि चित्र घेऊन होताच पूर्ववत सोडावी.