पन्हाळा : निवांतपणाचा गड

कोल्हापूरच्या माणसाला थंड हवेसाठी फार लांब जावे लागत नाही. शहराच्या वायव्येला अवघ्या वीस किलोमीटरवर, वाघबीळचा घाट चढून गेले की पन्हाळा येतो. रविवारची सकाळ, पावसाळ्यातील एखादी धुकट दुपार किंवा परीक्षा संपल्यानंतरची संध्याकाळ, पन्हाळ्याला जाण्यासाठी कोल्हापूरकराला निमित्त लागत नाही. महाबळेश्वरची सहल ठरवावी लागते, पन्हाळ्याला मात्र मनात आले की निघता येते.

थंड हवेची, डोंगरमाथ्यावरची ठिकाणे जगभर आहेत. त्यांतील काही खास पर्यटकांसाठी वसविलेली असतात, तर काही गावे आधीपासून नांदती असतात आणि पर्यटक तेथे पाहुणा म्हणून येतो. युरोपातील आल्प्स पर्वतात, जेथे हिवाळ्यात बर्फावरून घसरण्याचा स्कीइंगचा खेळ रंगतो, हा फरक ठळकपणे दिसतो. फ्रान्समधील फ्लेनसारखी केंद्रे १९६० च्या दशकात केवळ या खेळासाठी काँक्रीटमध्ये उभारली गेली. उलट स्वित्झर्लंडमधील झरमॅट किंवा म्युरेन ही मुळात डोंगरी शेतकऱ्यांची आणि गुराख्यांची गावे. घरे, चर्च आणि गल्ल्या आधी होत्या, स्कीइंग नंतर आले. पाहुण्याला आपलेपणा वाटावा, घाईगर्दी मागे पडावी, हे अशा गावांत सहज साधते. पन्हाळा हा याच दुसऱ्या जातीचा. येथे बर्फ पडत नाही, पण तटबंदीच्या आत एक नगर नांदते आहे आणि गडाच्या निवांतपणाचे मूळ या नांदतेपणातच आहे.

आठशे वर्षांची वस्ती

पन्हाळ्याची उभारणी शिलाहार राजा दुसरा भोज याच्या कारकिर्दीत, म्हणजे इ. स. ११७८ ते १२०९ या काळात झाल्याचे मानले जाते. शिलाहारांनंतर देवगिरीचे यादव आणि त्यांच्यामागून बहामनी सुलतान आले. बहामनी वजीर महमूद गवान याने १४६९ मध्ये पावसाळ्यात येथे तळ ठोकला होता. पन्हाळ्यावर पावसाळा घालविण्याची परंपरा अशी साडेपाचशे वर्षांची आहे, असे गमतीने म्हणता येईल. विजापूरच्या आदिलशाहीत तटबंदी आणि दरवाजे बळकट झाले. आज दिसणारे बरेचसे भव्य बांधकाम त्याच काळातील आहे.

अफझलखानाच्या वधानंतर काही दिवसांतच, नोव्हेंबर १६५९ मध्ये शिवाजी महाराजांनी पन्हाळा जिंकला. पुढच्याच वर्षी सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला. सुमारे चार महिन्यांनी, जुलै १६६० मधील मुसळधार पावसाच्या रात्री महाराज निसटले आणि विशाळगडाकडे गेले. महाराजांचे रूप घेऊन शत्रूच्या हाती लागलेले शिवा काशीद आणि घोडखिंड अडवून धरणारे बाजीप्रभू देशपांडे यांच्या बलिदानाने ती रात्र अजरामर झाली. त्यानंतर गड पुन्हा स्वराज्यात आला तो १६७३ मध्ये, कोंडाजी फर्जंद यांनी मोजक्या साठ मावळ्यांनिशी रात्री चढाई करून तो घेतला तेव्हा.

अठराव्या शतकाच्या प्रारंभी महाराणी ताराबाईंनी पन्हाळ्यावरून राज्यकारभार पाहिला आणि गड करवीर राज्याची राजधानी झाला. १७८२ मध्ये राजधानी कोल्हापुरात आली. सत्ता खाली उतरली, तरी वस्ती वर राहिली. १८४४ मध्ये इंग्रजांविरुद्धच्या उठावात गडावर तोफा डागल्या गेल्या आणि चार दरवाजा उद्ध्वस्त झाला. त्यानंतरही लोक येथेच राहिले. महाराष्ट्रातील बहुसंख्य गड राजसत्ता गेल्यावर ओस पडले, पण पन्हाळा ओस पडला नाही. तीन-साडेतीन हजार लोकवस्तीची येथील नगरपरिषद राज्यातील सर्वांत लहान नगरपरिषदांपैकी एक आहे.

काय पाहाल?

गडाचा घेर सुमारे सव्वासात किलोमीटर आहे. वाहनाने ‘पॉइंट’ उरकले तर दोन तासांत गड संपतो, पायी फिरले तर दिवस पुरत नाही. वाहन एकदा लावून पायीच फिरावे.

चार दरवाजाच्या अवशेषांजवळून आत शिरताच बाजीप्रभूंचा आवेशपूर्ण पुतळा स्वागत करतो. पूर्वेच्या कड्यावर सज्जा कोठी आहे. सज्जातून खालचे खोरे नजरेत भरते. संभाजीराजांना याच कोठीत ठेवले होते, अशी परंपरा सांगितली जाते. सोमेश्वर तलाव आणि सोमेश्वर मंदिराचा परिसर विशेष शांत आहे. सकाळी येथे स्थानिक भाविकांव्यतिरिक्त फारसे कोणी नसते.

अंबरखाना म्हणजे गडाचे धान्यकोठार. गंगा, यमुना आणि सरस्वती या तीन कोठ्यांपैकी गंगा सर्वांत मोठी असून तिच्यात पंचवीस हजार खंडी धान्य मावत असे, असे सांगतात. वरच्या झरोक्यांतून धान्य ओतण्याची आणि खालून काढण्याची सोय होती. भर उन्हाळ्यातही आत गारवा असतो. चार महिन्यांचा वेढा गड कशाच्या बळावर सोसू शकला, याचे उत्तर या जाड भिंतींत मिळते.

पश्चिमेकडील तीन दरवाजा हा पन्हाळ्यावरील सर्वांत देखणा दरवाजा. त्याच्यावरील कोरीवकाम आणि फार्सी शिलालेख सावकाश पाहण्यासारखे आहेत. जवळच अंधार बाव ही तीन मजली विहीर आहे. वरच्या मजल्यावर पहारा, तळाशी पाणी आणि मधून तटाबाहेर जाण्याची वाट अशी तिची रचना आहे. शत्रूने पाणी तोडू नये म्हणून विहिरीवर इमारत उभारण्याची ही युक्ती इतरत्र क्वचितच दिसते. पुसाटी बुरुज पश्चिम टोकाला आहे. सूर्यास्तासाठी येथे गर्दी होते, पण सूर्य मावळल्यावर गाड्या निघून गेल्या की पाच मिनिटांत वारा तेवढा उरतो.

राजदिंडी ही दरी उतरणारी लहानशी वाट. महाराज याच वाटेने निसटले, असे मानतात. दरवर्षी जुलै महिन्यात पन्हाळा ते पावनखिंड या पदभ्रमंतीला तरुणांचे जथे निघतात, मसाई पठारावरून चिखल तुडवीत जातात. साहित्यप्रेमींनी पराशर गुंफांकडेही वळावे. पंडितकवी मोरोपंतांचा जन्म १७२९ मध्ये पन्हाळ्यावरच झाला होता.

कधी आणि कसे जाल?

कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून पन्हाळ्यासाठी एस. टी. बस मिळतात. स्वतःच्या वाहनाने पाऊण तास पुरतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ फिरण्यास सर्वोत्तम. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी ऊन जाणवते, संध्याकाळ मात्र सुखद असते. पावसाळ्यात गड धुक्यात बुडालेला असतो. त्या दिवसांत दृश्ये दिसतीलच असे नाही, पण धुक्यातून अचानक समोर येणारा बुरुज पाहण्यासाठी अनेक जण मुद्दाम याच दिवसांत जातात. झुणका-भाकर, खर्डा, गरमागरम कांदाभजी आणि भाजलेले कणीस यांवाचून ही सहल पुरी होत नाही.

शक्य असल्यास मुक्काम करावा, तोही आठवड्याच्या मधल्या दिवशी. सकाळी शाळेला निघालेली मुले, तटाच्या कडेने फिरायला आलेले वृद्ध, दुकानाच्या फळ्या उघडणारे दुकानदार हे पन्हाळ्याचे नित्याचे जीवन रविवारच्या गर्दीत दिसत नाही. वाट विचारली तर येथे उत्तरासोबत दोन गोष्टीही ऐकायला मिळतात. त्या ऐकण्याइतका वेळ हाताशी असावा.

निवांतपणाची किंमत

हा निवांतपणा आपोआप टिकणारा नाही. पन्हाळ्याचा माथा जांभ्या दगडाचा आहे. पावसाचे पाणी त्यात मुरते आणि कड्यांच्या कडा सैल होतात. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत गडावर येणाऱ्या मुख्य रस्त्याचा भाग खचला आणि वाहतूक बंद पडली. एकाच रस्त्यावर गावाचे सारे जीवन किती अवलंबून आहे, हे तेव्हा दिसून आले. दूध, औषध, रुग्ण आणि शाळा साऱ्यांची वाट तीच.

डोंगराच्या सोसण्याला मर्यादा असते, याचा धडा देशाने जानेवारी २०२३ मध्ये उत्तराखंडात घेतला. औली हे भारतातील नामवंत स्कीइंग केंद्र. त्याच्या पायथ्याचे जोशीमठ शहर खचू लागले, घरांना तडे गेले, शेकडो कुटुंबांना स्थलांतर करावे लागले आणि औलीला नेणारा रज्जुमार्ग बंद ठेवावा लागला. पन्हाळ्याची भूरचना वेगळी आहे, पण डोंगरावरील बांधकाम, सांडपाणी आणि वाहनांचा भार मोजूनमापूनच वाढू द्यावा, ही शिकवण दोन्हीकडे सारखीच लागू पडते.

वाहनांच्या बाबतीत अनुकरणीय उदाहरणे आहेत. झरमॅटला पेट्रोल-डिझेलची खासगी वाहने येऊ दिली जात नाहीत. पाहुणे पाच किलोमीटर अलीकडे ताश या गावी गाडी ठेवून रेल्वेने वर जातात. आपल्याच राज्यात माथेरानने मोटारींना वेशीबाहेर थांबविले आहे. पन्हाळा हे तालुक्याचे ठिकाण असल्याने येथे सरसकट बंदी शक्य नाही. तथापि सुट्टीच्या दिवशी पायथ्याशी वाहनतळ आणि तेथून लहान बसगाड्यांची ये-जा, एवढे झाले तरी तीन दरवाजासमोरची कोंडी सुटेल आणि गड पुन्हा पायी चालणाऱ्यांचा होईल.

जागतिक वारसा आणि घरचा उंबरठा

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांत महाराष्ट्रातील अकरा आणि तमिळनाडूतील जिंजी आहे. पन्हाळा या बारांपैकी एक. कोल्हापूरकरांना याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु नामांकनाच्या काळातच गडावरील रहिवाशांनी आपली चिंता बोलून दाखविली होती. संरक्षित स्मारकांच्या भोवती शंभर मीटरपर्यंत नवीन बांधकामास बंदी आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत परवानगीची अट, हा २०१० पासूनचा कायदा त्यांना ठाऊक आहे. गळके छप्पर बदलायचे, मुलाच्या लग्नानंतर एक खोली वाढवायची, तरी अर्ज आणि प्रतीक्षा. त्यात आता आणखी निर्बंध येतील काय, आपल्याला गड सोडावा लागेल काय, ही भीती त्यामागे होती.

वारसा जपण्यासाठी नियम हवेतच. बेसुमार बांधकामांनी तट झाकले गेले, तर पाहण्याजोगे उरणार काय? पण गडावरून माणसे हलविली, तर सज्जा कोठी आणि अंबरखाना हे तिकिटाच्या खिडकीमागचे दगड होतील. पन्हाळ्याचे वेगळेपण तटबंदीत आहे, तितकेच तिच्या आत पेटणाऱ्या चुलींत आहे. घरदुरुस्तीच्या अर्जांचा मुदतीत निर्णय, जुन्या शैलीत बांधणाऱ्यास साह्य आणि पर्यटनाच्या उत्पन्नात स्थानिकांचा वाटा, या तीन गोष्टी झाल्या तर नियम आणि नांदतेपण यांचा मेळ बसू शकेल.

पर्यटकाचाही यात वाटा आहे. कचरा परत न्यावा, तटावर नावे कोरू नयेत, रात्री कर्णे वाजवू नयेत आणि एखादी रात्र गडावरच्या माणसांच्या घरगुती खानावळीत जेवावे. राजे गेले, राजधानी गेली, तोफा थंडावल्या, तरी ज्यांनी आठशे वर्षे हा गड जागता ठेवला, त्यांच्या दारी आपण पाहुणे आहोत, एवढे भान ठेवले तरी पन्हाळ्याचा निवांतपणा पुढच्या पिढीच्या वाट्याला येईल.