गृहनिर्मित विमानातील ध्वनिप्रक्षेपण-कळीचे स्थान : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
विमानविद्येचा इतिहास बहुधा इंजिने, पंख आणि विक्रम यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. वैमानिकाच्या बोटाखालील लहानशा कळीला त्यात क्वचितच स्थान मिळते. रेडिओवर बोलण्यासाठी दाबावयाची ही कळ वैमानिकांच्या भाषेत ‘पुश-टू-टॉक’ किंवा संक्षेपाने ‘पीटीटी’ या नावाने ओळखली जाते. ती कॉकपिटमध्ये नेमकी कोठे असावी, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. परंतु मनुष्याचे दोन हात, विमानाचे नियंत्रण आणि संभाषण यांचा मेळ कसा घालावा, या मूलभूत समस्येशी तो निगडित आहे. प्रस्तुत लेखात या कळीच्या स्थानाचा ऐतिहासिक मागोवा घेऊन गृहनिर्मित विमानांच्या संदर्भात तिचे महत्त्व स्पष्ट करण्यात आले आहे.

प्रारंभीचा कालखंड :
२७ ऑगस्ट १९१० रोजी न्यूयॉर्कमधील शीप्सहेड बे येथे कॅनडाचे वैमानिक जे. ए. डी. मॅककर्डी यांनी कर्टिस बनावटीच्या विमानातून जमिनीवर बिनतारी संदेश पाठविला. त्या वेळी मोर्स संदेशाची कळ विमानाच्या सुकाणू-चक्रावरच बसविण्यात आली होती. हात नियंत्रणावरून न काढता संदेश पाठविता यावा, हे तत्त्व अशा रीतीने आरंभीच सूचित झाले होते.

रेडिओ मात्र दीर्घकाळ सर्वसामान्य विमानांत पोहोचला नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले, तेव्हा त्यांच्या पुस मॉथ विमानात रेडिओ नव्हता. दुसऱ्या महायुद्धात ध्वनिसंभाषण लढाऊ विमानांचे अविभाज्य अंग बनले. अमेरिकेच्या पी-५१ मस्टँग विमानात बोलण्याची कळ थ्रॉटलच्या मुठीवर होती. उजवा हात नियंत्रणदांड्यावर आणि डावा थ्रॉटलवर राहत असल्याने कोणताही हात न उचलता बोलणे शक्य झाले.

युद्धोत्तर काळातील लहान खासगी विमानांत याउलट एक पाऊल मागे पडले. तेथे हातात धरावयाचा मायक्रोफोन उपकरणपट्टावरील आकड्याला अडकविलेला असे व बोलण्याची कळ त्या मायक्रोफोनवरच असे. बोलावयाचे झाल्यास एक हात नियंत्रणापासून दूर न्यावा लागे. पुढे तोंडाजवळ मायक्रोफोन असणारे हेडसेट रूढ झाले आणि कळ पुन्हा नियंत्रण-चक्रावर आली.

गृहनिर्मित विमानांची चळवळ :
१९५३ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात पॉल पोबेरेझ्नी यांच्या पुढाकाराने एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनची स्थापना झाली आणि हौशी विमाननिर्मितीला संघटित रूप लाभले. अमेरिकन नियमांनुसार अशा विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी व्यक्तींनी स्वतःच्या शिक्षणासाठी वा मनोरंजनासाठी तयार केलेला असावा लागतो. कारखान्यातील विमानात कळीचे स्थान अभियंते ठरवितात. येथे तो निर्णय निर्मात्यावरच येऊन पडतो. महाराष्ट्रातही कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत घराच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाची २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे नोंदणी झाली.

आराखड्यानुसार कळीचा प्रश्न बदलतो. बर्ट रुटान यांच्या लाँग-ईझेड विमानात नियंत्रणदांडा उजव्या बाजूस व थ्रॉटल डाव्या बाजूस असतो. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांच्या आरव्ही-४ मध्ये दोन आसने एकामागे एक, तर आरव्ही-६ मध्ये ती शेजारी-शेजारी आहेत. शेजारील आसनांच्या रचनेत थ्रॉटल मध्यभागी असल्यास डावीकडील वैमानिकाला दांडा डाव्या हाताने धरावा लागतो. एकामागे एक आसने असल्यास दांडा उजव्या हातात राहतो. मग नियंत्रण कक्षाची सूचना उजव्या हाताने लिहून घेताना दांड्यावरील कळ दुरावते. म्हणूनच ‘दांडा की थ्रॉटल’ या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर नाही.

तांत्रिक बाजू व जबाबदारी :
या कळीचे कार्य साधे आहे. ती दाबली असता रेडिओची एक तार विमानाच्या भूसंपर्काशी जोडली जाते व प्रक्षेपण सुरू होते. सोडताच ते थांबते. परंतु दांडा सतत हलत असल्याने त्यातून नेलेली तार झिजू शकते. तार तुटली तर वैमानिक मुका होतो. तिचे आवरण घासून ती धातूच्या दांड्याला टेकली, तर कळ न दाबताही प्रक्षेपण चालू राहते. दुसरा दोष अधिक गंभीर होय, कारण त्या वारंवारितेवरील इतर सर्वांचे संभाषण त्यामुळे अडते. काही आधुनिक रेडिओ ठरावीक काळानंतर असे प्रक्षेपण आपोआप बंद करतात, ते याच कारणाने.

एका वारंवारितेवर दोघे एकाच वेळी बोलल्यास काय घडते, याचे भीषण उदाहरण म्हणजे २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ येथे झालेला अपघात. धावपट्टीवर दोन बोइंग ७४७ विमानांची टक्कर होऊन ५८३ जण मृत्युमुखी पडले. त्याची कारणे अनेक होती व कळीचे स्थान हे त्यांपैकी नव्हते. तथापि नियंत्रक आणि पॅन अ‍ॅमचे वैमानिक एकाच क्षणी बोलल्याने केएलएमच्या कॉकपिटमध्ये कर्कश आवाज उमटला व निर्णायक शब्द अस्पष्ट झाले, हे तपासात निष्पन्न झाले. कळ दाबणे ही खासगी कृती नसून सामायिक माध्यमाचा वापर आहे, हेच यातून दिसते.

याच दृष्टीने दांड्याच्या मुठीवर अनेक कळा एकत्र बसविण्याच्या प्रवृत्तीचाही विचार व्हावयास हवा. बोलण्याची कळ समजून ट्रिमची कळ दाबली गेल्यास विमानाचा तोल बदलतो. म्हणून त्या स्पर्शाने वेगळ्या ओळखू येणे इष्ट ठरते. सहप्रवाशाकडून नकळत कळ दाबली जाऊ नये, यासाठी त्याच्या बाजूची कळ बंद ठेवण्याची सोयही उपयुक्त ठरते.

निष्कर्ष :
१९१० मधील सुकाणू-चक्रावरील मोर्स कळीपासून आजच्या नियंत्रणदांड्यावरील कळीपर्यंतचा प्रवास सरळ रेषेत झालेला नाही. हातातील मायक्रोफोनच्या काळात गमावलेली सोय पुढे पुन्हा मिळवावी लागली. मात्र बोलताना हात नियंत्रणावरच असावा, हे सूत्र कायम राहिले. गृहनिर्मित विमानाच्या चळवळीने हा निर्णय सामान्य नागरिकाच्या हाती दिला. त्याबरोबर आकाशातील इतरांच्या सुरक्षिततेची जबाबदारीही त्याच्याकडे आली. तंत्रज्ञानाच्या इतिहासात अशा लहान वस्तूंचा अभ्यास होणे म्हणूनच अगत्याचे आहे.